हयात प्रेक्षक

शिल्पकाराला एक हसरा माणूस हवा होता आणि घरात तसा कोणी नव्हता. बायको हसरी होती, पण ती लग्नाआधी. निदान तिचं म्हणणं तरी तसंच होतं. शेजारीपाजारी आपापसांत भरपूर हसायचे, पण शिल्पकार दिसला की त्यांचे चेहरे उतरायचे. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्या शहरात कोणी शिल्पकाराच्या दारात जायचं ते घरातलं माणूस गेल्यावरच, आणि तेही हातात फोटो घेऊन.

उभं आयुष्य त्याने गेलेल्या माणसांचे अर्धपुतळे करण्यात घालवलं होतं. कारखान्यांचे संस्थापक, शाळांचे देणगीदार, बँकांचे संचालक, आणि ज्यांना परवडेल त्यांचे साधे वडील. फोटोवरून माती, मातीवरून साचा, साच्यातून ब्राँझ. गिऱ्हाईक मातीचा चेहरा बघायला आलं की त्याच्या सूचना ठरलेल्या असत. चामखीळ काढा. केस थोडे वाढवा. आणि सगळ्यात शेवटी, डोळे पुसत, "जरा शांत करा हो." मग शिल्पकार कपाळावरची आठी अंगठ्याने पुसायचा, ओठांचे कोपरे चिमूटभर उचलायचा, पापण्या किंचित खाली आणायचा, की झाला माणूस शांत. जन्मभर बायकोमुलांवर खेकसलेली माणसं त्याच्या हाताखालून अशी काही क्षमाशील होऊन बाहेर पडत, की घरच्यांना खात्री करून घ्यायला खालची पाटी वाचावी लागे.

म्हणून नव्या सार्वजनिक नाट्यगृहाच्या दर्शनी दालनातलं शिल्प करायचं काम मिळालं, तेव्हा त्याला जेवण गेलं नाही. काम आपल्याला गुणांवर मिळालं, असं तो सांगे. बाकीचे दोन अर्जदार एकमेकांविरुद्ध तक्रारी करण्यात गुंतले होते म्हणून मिळालं, असं समिती सांगे.

समितीत तिघे होते. अध्यक्षांना इमारतींची उद्घाटनं करायची इतकी सवय होती की कुठे फीत दिसली की त्यांचा हात आपोआप कात्रीसाठी पुढे व्हायचा. ज्येष्ठ नट गेली कित्येक वर्षं आपला निरोपाचा प्रयोग करत आले होते. आणि इंजिनिअरांनी ती इमारत बांधली होती. आता तिच्यात जे काही ठेवलं जाईल ते त्यांच्या मते अतिक्रमण होतं.

"नटाचं शिल्प असावं," ज्येष्ठ नट म्हणाले. "उभा. एक हात वर." त्यांनी हात वर करून दाखवला आणि चहा येईपर्यंत तो खाली घेतला नाही.

"कोणत्या नटाचं?" अध्यक्ष म्हणाले. "एकाचं केलं की दहा रुसतात. नाटककारांचंही तेच. तोंडं सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात आमच्या."

"नुसता पडदा करूया? ब्राँझचा?" शिल्पकाराने विचारलं.

"पडद्याला आग लागते," इंजिनिअर म्हणाले.

"ब्राँझच्या?"

"नियम पडद्याला आहे. तो कशाचा आहे ते नियमात नाही."

शेवटी शिल्पकार भीत भीत म्हणाला, "मग प्रेक्षक करतो. खुर्चीत बसलेला." अध्यक्षांचा चेहरा खुलला. प्रेक्षकाला पक्ष नसतो, त्याचे वारस भांडायला येत नाहीत, आणि तो रुसला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. ठराव जागच्या जागी झाला. अट एकच होती. प्रेक्षक हसरा हवा. इमारतीवर इतका खर्च झाला होता, तर कोणीतरी खूश दिसायला पाहिजे, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं.

शिल्पकाराच्या मनात मात्र वेगळीच आस होती. एकदा, आयुष्यात एकदाच, त्याला जिवंत माणूस करायचा होता. ज्याच्यासमोर कोणी रुमाल काढणार नाही, असा. हे काम फसलं तर पुन्हा फोटो होते आणि चामखिळी होत्या, आणि आता दुसरी संधी येण्याचं वय राहिलेलं नव्हतं.

"अगं, तीन-तीन तास बसून हसेल असा कोण मिळेल?" त्याने बायकोला विचारलं.

"बाबांना बसवा. रिकामेच असतात."

"बाबा हसतात?"

"ते तुमचं काम. तुम्ही कलावंत ना."

बाबा म्हणजे शिल्पकाराचे सासरे. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. राहायला दोन गल्ल्या पलीकडे. निवृत्त झाले तरी त्यांची नजर काही निवृत्त झाली नव्हती. ते दुकानात शिरले की दुकानदार तराजूवरचा हात झटकन मागे घेत. जावयाच्या धंद्याबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपायचं. "मातीत खेळतात," एवढंच ते विचारणाऱ्याला सांगत. पण मुलीने गळ घातली म्हणून ते आले, आणि नाट्यगृहाकडून नमुन्याला आणलेल्या लाल खुर्चीत हाताची घडी घालून बसले.

"हसवा," ते म्हणाले.

शिल्पकाराने घसा साफ केला. "एक माणूस डॉक्टरकडे गेला. म्हणाला, डॉक्टर, मला विसरायला होतं. डॉक्टर म्हणाले, कधीपासून? तो म्हणाला, काय कधीपासून?"

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "फी आधी घेतली होती का?"

"कोणी?"

"डॉक्टरने. पेशंट विसरणारा आहे म्हटल्यावर फी आधी घ्यायला नको? यात हसण्यासारखं काय आहे, जावईबापू? हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे."

शिल्पकाराने आणखी दोन विनोद सांगितले. सासऱ्यांनी दोन्हींतल्या त्रुटी दाखवून दिल्या. बायको दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही नका सांगू. त्यांनाच सांगू द्या." आणि मग गंमत झाली. सासरे स्वतःच्या नोकरीतल्या गोष्टी सांगायला लागले की आपोआप हसत. दुसऱ्याचा विनोद त्यांना कळत नसे. दुसऱ्याची लबाडी मात्र लांबून कळे आणि ती पकडल्याच्या आठवणीने त्यांना अगदी गुदगुल्या होत.

"कापडवाला होता एक," ते सांगू लागले. "मीटरपट्टी दोन्ही टोकांना घासलेली. मी म्हटलं, ठीक आहे, आता ह्याच पट्टीने मला ही पट्टी मोजून दाखव." एवढं बोलून ते इतके हसले की खुर्ची करकरली.

शिल्पकाराचे हात भराभर चालू लागले. लोखंडी सांगाड्यावर मातीचे गोळे चढले, खांदे आले, मांड्या आल्या, टाळीसाठी उचललेले हात आले. सासरे रोज येत, रोज कोणाला तरी पकडत आणि पोट धरून हसत. संध्याकाळी शिल्पकार मातीवर ओलं फडकं टाकायचा आणि शीळ घालत हात धुवायचा. सगळ्यात शेवटी त्याने चेहरा घेतला. तो पुरा झाल्यावर त्याने बायकोला हाक मारली आणि फडकं काढलं.

बायको बघत राहिली. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं?"

"काही नाही. बाबा किती शांत दिसतायत."

हे वाक्य शिल्पकाराच्या ओळखीचं होतं, आणि तो आवाजही. त्याने गिऱ्हाइकाच्या नजरेने मातीकडे पाहिलं. समोर खदाखदा हसणारा माणूस बसलेला असताना त्याच्या हातांनी आपली जुनी सवय सोडली नव्हती. आठी पुसली गेली होती. ओठांचे कोपरे चिमूटभर वर होते. पापण्या किंचित खाली. मातीतले सासरे खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते, आणि जाताना त्यांनी सगळ्या जगाला माफ करून टाकलं होतं. ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणाला मापातल्या एका दाण्याची सूट दिली नाही, तो माणूस.

त्याने घाईघाईने डोळे मोठे केले. सासऱ्यांना देव दिसल्यासारखं वाटायला लागलं. तोंड उघडलं, तर ते शेवटचे दोन शब्द बोलताना दिसू लागले. जितकं सुधारावं तितके ते जास्तच दूर चालले होते. शेवटी तो डोकं धरून स्टुलावर बसला, आणि बायको त्याच्या खांद्यावर हात ठेवून नाक ओढत उभी राहिली.

नेमक्या त्याच वेळी शेजारीणबाई नेलेली शिडी परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी शिल्पकाराच्या बायकोला रडताना पाहिलं, त्याला डोकं धरून बसलेलं पाहिलं, आणि दोघांच्या मध्ये मातीतले सासरे पाहिले. शिल्पकाराच्या घरी पुतळा झाला म्हणजे माणूस गेला, हे त्या गल्लीत शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. बाईंनी शिडी आवाज न करता भिंतीला टेकवली आणि आल्या पावली परत गेल्या.

त्यांच्या नवऱ्याचं कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. त्याने लगेच अर्धं शटर ओढलं आणि 'साहेबांच्या दुःखद निधनामुळे बंद' असा खडूने फलक लिहून लावला. हा फलक अध्यक्षांच्या ड्रायव्हरने वाचला. कोण साहेब, अशी चौकशी केली, आणि बातमी गाडीत नेली. अध्यक्षांनी बाकीच्या दोघांना फोन केले. तासाभरात शिल्पकाराच्या बाहेरच्या खोलीत बसायला जागा उरली नाही.

आता कोणी म्हणेल, घरच्यांनी तोंड उघडून सांगायचं नाही का? सांगायचा प्रयत्न त्यांनी केला. पण समाचाराला आलेली माणसं एक गोष्ट कटाक्षाने पाळतात. ज्याच्या घरी दुःख झालंय त्याला ती बोलू देत नाहीत.

"अहो, पण बाबा तर..." बायकोने सुरुवात केली.

"बोलू नका वहिनी, त्रास होईल," शेजारीणबाई तिला कुशीत दाबत म्हणाल्या.

"तुमचा काहीतरी गैरसमज झालाय," शिल्पकार म्हणाला.

"पहिल्या दिवशी असंच वाटतं," ज्येष्ठ नट म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला दिसेल असा कोन त्यांनी घेतला होता. "मनाला पटतच नाही."

"अहो, ते आता येतीलच इतक्यात."

"धक्का बसलाय," अध्यक्ष हळूच ड्रायव्हरला म्हणाले. त्यांच्या हातातलं फुलांचं चक्र कुठे ठेवायचं हे त्यांना कळत नव्हतं.

मग दुकानदाराने बोलायला घेतलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि त्याला चांगलाच चेव आला.

सासरे रोजच्या वेळेला आले ते ह्याच सुमाराला. दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून त्यांनी ओळखलं की काहीतरी वाईट घडलंय. अशा प्रसंगी प्रश्न विचारत पुढे घुसू नये, ही रीत त्यांना ठाऊक होती. ते मागच्या मागे दाराशी टेकले. शेजारी इंजिनिअर बसले होते. त्यांनी सासऱ्यांना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं.

"कोण गेलं?" सासऱ्यांनी कुजबुजत विचारलं.

"शिल्पकारांचे सासरे."

सासऱ्यांनी मनाशी हिशेब केला. "त्यांना एकच आहेत."

"एकच गेलेत."

"कसे काय?"

"हसता हसता म्हणतात."

सासऱ्यांना हे काही पटलं नाही. पण तेवढ्यात पुढून दुकानदाराचा भरून आलेला आवाज आला. "असा माणूस होणे नाही. पंधरा वर्षं माझ्या दुकानात येत होते. पण माझ्या वजनावर त्यांनी कधी बोट ठेवलं नाही."

"दोनदा ठेवलंय," दाराशी बसलेला माणूस उभा राहत म्हणाला. "एकदा ताकीद आणि एकदा दंड. किलोच्या वजनाला खालून भोक पाडलं होतंस."

खाली गेलेल्या सगळ्या माना एकदम दाराकडे वळल्या. मेलेला माणूस जिवंत निघाला म्हणजे लोकांना आनंद व्हायला हवा. पण सगळे कामधंदा सोडून आले होते. शेजारीणबाईंनी वहिनींना कुशीतून सोडलं. "मघाशीच सांगायचं नाही का, वहिनी," त्या म्हणाल्या. दुकानदार शटर उघडायला गेला तो मागे न बघता. अध्यक्षांनी फुलांचं चक्र ड्रायव्हरकडे दिलं. "गाडीत ठेव. लागेल पुढे कधी."

समितीही उठली असती, पण इंजिनिअर अजून बसूनच होते. त्यांच्या कपाळावर विचाराची रेघ उमटली होती.

"म्हणजे हे हयात आहेत," ते म्हणाले. "मग अडचण आहे. हयात व्यक्तीचा पुतळा सार्वजनिक इमारतीत बसवता येत नाही."

"आणि गेलो असतो तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"तर स्मारक झालं असतं. स्मारकाला वेगळा ठराव लागतो. वारसांची संमती, वरिष्ठांची मंजुरी."

"म्हणजे मी जगू की मरू?"

"ते आमच्या खात्याकडे येत नाही."

आता आलोच आहोत तर काम तरी बघून घेऊ, असं म्हणत अध्यक्ष आतल्या खोलीत शिरले. मातीसमोर आल्याबरोबर त्यांची मान आपसूक खाली गेली. नटांनी चष्मा काढला. बराच वेळ कोणीच बोललं नाही, आणि शिल्पकाराला तर ती शांतता ऐकूनच घाम फुटला. त्याच्या आयुष्यातली सगळी गिऱ्हाइकं ह्याच शांततेनंतर रुमाल काढत.

"हे हसरे?" अखेर अध्यक्ष म्हणाले. "अहो, हे तर पोचलेले दिसतात. असं दालनात बसवलं तर लोक तिकिटाच्या रांगेत फुलं घेऊन उभे राहतील. मला वाटतं, हे काम आपण इथंच थांबवू."

शिल्पकाराने बायकोकडे पाहिलं. तिला त्याचं तोंड बघवेना आणि ती मातीच्या बादलीकडे बघत राहिली.

सासऱ्यांनी मातीचा पुतळा पहिल्यांदाच धड पाहिला. "हा कोण?"

"तुम्ही, बाबा."

"मी? ह्याला कोणी मापात मारलं तरी हा आभार मानेल." ते चिडून लाल खुर्चीत जाऊन बसले आणि लगेच नेहमीसारखे थोडे पुढे घसरले. तेवढ्यावरून त्यांना आठवण झाली. "आणि हो, ही खुर्ची तुमच्या नाट्यगृहातलीच ना? मी इतके दिवस बसतोय हिच्यावर. पुढचे पाय आखूड आहेत. माणूस सारखा खाली घसरतो. सगळ्याच खुर्च्या अशा आहेत का?"

प्रश्न इंजिनिअरांना होता. ते खुर्चीच्या पायांकडे बघत म्हणाले, "त्याचं असं आहे की, उतार धरून..."

"खुर्चीचा उतार मागे असतो. पाय पुढे आखूड आहेत. कोणी तपासल्या?"

"कंत्राटदाराने सांगितलं..."

"मी कंत्राटदाराला विचारलं नाही. मी तुम्हाला विचारलं."

सासरे पुढे झुकले होते. मान किंचित वाकडी, एक भुवई वर, खालचा ओठ दाबलेला. उत्तर मिळाल्याशिवाय ते हलणार नव्हते आणि मिळणारं उत्तर खोटं असणार याची त्यांना खात्री होती. शिल्पकार बघत राहिला. मग त्याचे हात त्याला न विचारता मातीत गेले. जो अंगठा आजवर आठ्या पुसत आला होता, त्याने कपाळात खोल आठी पाडली. ओठांचे कोपरे खाली आले. पापण्यांखालची माती त्याने नखाने उकरून काढली. आज शेजारी उभं राहून 'जरा शांत करा' म्हणायला कोणी रिकामं नव्हतं. सगळे इंजिनिअरांकडे बघत होते. इंजिनिअरांचं उत्तर खूप लांबलं, कारण त्यात तीन उपकंत्राटदार होते आणि लाकडाच्या आकुंचन-प्रसरणाचं शास्त्रही होतं. ते संपेपर्यंत चेहरा झाला होता.

उत्तर संपल्यावर इंजिनिअरांनी सुटकेसाठी नजर वळवली, तर पलीकडूनही सासरेच बघत होते. इंजिनिअर दोन पावलं मागे सरले आणि त्यांची पाठ कपाटाला लागली.

"बापरे," ज्येष्ठ नट पुटपुटले. त्यांचा खर्जातला आवाज आयुष्यात पहिल्यांदाच साध्या पट्टीत आला. "ह्याला मी ओळखतो. हा तिसऱ्या रांगेत बसतो. जन्मभर ह्याच्यासमोर काम केलंय मी."

"पण हा हसत कुठे आहे?" अध्यक्ष म्हणाले.

"अजून नाही. नाटक चांगलं झालं तर हसेल."

अध्यक्षांनी इंजिनिअरांकडे पाहिलं. इंजिनिअर भीतीतही हिशेबाला पक्के होते. "म्हणजे हसण्याची जबाबदारी नाटक कंपनीची," ते म्हणाले. "आपल्याकडे काही येत नाही."

"मग राहिला प्रश्न तेवढा हयातीचा," अध्यक्ष म्हणाले आणि सासऱ्यांकडे वळले. "साहेब, तुम्ही सरकारी नोकरीत होतात, खोटं बोलणार नाही. हा चेहरा तुमचा आहे का?"

सासऱ्यांनी मातीकडे निरखून पाहिलं. मान किंचित वाकडी, एक भुवई वर, खालचा ओठ दाबलेला.

"मुळीच नाही," ते म्हणाले. "मी असा कधी बघत नाही."

शिल्पकाराची बायको घाईघाईने स्वयंपाकघरात गेली आणि तिकडून बराच वेळ भांडी वाजवल्याचा आवाज येत राहिला. इंजिनिअरांनी उभ्या उभ्याच शेरा लिहिला, की सदर चेहरा हयात अथवा मयत कोणत्याही व्यक्तीचा नाही, सबब हरकत नाही. माती साच्यासाठी ओतकामाच्या कारखान्यात गेली.

उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्षांनी कापड ओढलं आणि टाळ्या वाजवायला जमलेली माणसं आपल्या जागी सावरून उभी राहिली. एकाने तोंडातलं चघळणं गिळलं. उशिरा आलेले एक गृहस्थ ब्राँझकडे बघत म्हणाले, "रस्त्यात गाडी बंद पडली हो," आणि मग आपण कोणाला सांगतोय हे लक्षात येऊन इकडेतिकडे पाहू लागले. रुमाल कोणीच काढला नाही. शिल्पकार खांबामागे उभा राहून हे सगळं बघत होता. आनंदाने त्याला रडू येत होतं, पण आपण रडलो तर पुतळ्याचा अपमान होईल म्हणून त्याने ते आवरलं.

सासरे बराच वेळ पुतळ्यासमोर उभे होते. मग त्यांनी मुलीला बाजूला घेतलं.

"खरं सांग. मी असा दिसतो?"

"नेहमी नाही, बाबा," ती म्हणाली. "झोपल्यावर नाही दिसत."

बाहेर पडताना एका ओळखीच्याने सासऱ्यांना विचारलं, जावई काय करतात, तेव्हा ते म्हणाले, "काम करतात." त्यांच्या मापाने ही भरघोस स्तुती होती.

आता जिवंत माणसांची कामं येतील, म्हणून शिल्पकार वाट बघत बसला. नव्या मातीची पोतीही आणून ठेवली. पण जिवंत माणसं नाट्यगृहात जाऊन पुतळा बघून येत आणि आपला विचार बदलत. दोन महिन्यांत दाराशी कोणी फिरकलं नाही. घरात वाणसामान उधार येऊ लागलं, आणि दुकानदार मोजून देताना हल्ली फार खूश दिसे.

मग एक दिवस दोघे भाऊ आले. लोखंडी सामानाच्या मोठ्या दुकानाचे मालक, दोघेही पन्नाशीचे, अंगाने आडवे. हातात फोटो होता.

"वडील," थोरला म्हणाला. "गेल्या वर्षी गेले. दुकानात बसवायचेत, गल्ल्याच्या मागे."

शिल्पकाराने हिरमुसल्या मनाने फोटो घेतला. बायकोने मात्र मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पुन्हा तेच काम, पुन्हा तीच चामखीळ. तो मातीला बसला. पण हात एकदा बिघडले ते बिघडलेच होते. त्याने आठी पुसली की ती दुसरीकडून वर येई. पापण्या खाली आणल्या तर म्हातारा डोळे बारीक करून बघत असल्यासारखा दिसे. शेवटी त्याने नाद सोडला आणि हातांना हवं ते करू दिलं.

भाऊ बघायला आले. शिल्पकाराने फडकं काढलं. थोरल्याचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. धाकटा थोरल्याच्या मागे सरकला आणि त्याने हातातली सिगारेट खिशात टाकली. मग ती पेटलेली आहे हे लक्षात येऊन घाईघाईने बाहेर काढली.

"फारच छान," थोरला बटण लावत म्हणाला. "हुबेहूब."

"इतकं हुबेहूब कशाला?" धाकटा मागून कुजबुजला.

थोरल्याने घसा खाकरला. "नाही, म्हणजे काम उत्तमच आहे. पण यांना जरा गेल्यासारखं करता येईल का?"

"प्रयत्न केला," शिल्पकार म्हणाला. "जात नाहीत."

त्याच्या आवाजात खेद नव्हता आणि बायकोला त्याचाच राग आला. ती दारात उभी होती. हेही गिऱ्हाईक गेलं, असं तिला स्पष्ट दिसत होतं. धाकट्याने थोरल्याला कोपराने ढोसलं. "रद्द करून टाक," तो ओठ न हलवता म्हणाला. "शांत करून देणारा दुसरा कोणीतरी बघू. असे रोज गल्ल्यामागे बसले तर धंदा करायचा कसा?"

थोरल्याने मान हलवली, छाती भरून श्वास घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. मग त्याची नजर वडिलांकडे गेली. वडील त्याच्याकडेच बघत होते. काय बोलतोस ते बघू, असं.

थोरल्याने उघडलेलं तोंड मिटलं.

"न्यायला कधी येऊ?" त्याने विचारलं.